छोट्या गाडीचा जमाखर्च



एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्तीत जयंतीची धामधूम सुरू होते. विहाराला रंग लागतो, पताका लागतात, मुलेमुली भाषणाचे कागद पाठ करीत अंगणात फेऱ्या मारतात. १४ एप्रिल उलटून दोनच दिवस झाले की आणखी एक तारीख येते, पण तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी! पाहुण्यांचा थाट इतिहासात नोंदला गेला. रुळाखालची माती ज्यांनी डोक्यावर वाहिली आणि खडी ज्यांनी फोडली, त्यांची यादी मात्र त्या दिवशी कुणी केली नाही.

आम्ही पडलो कारकून. बी.कॉम. होऊन इतकी वर्षे वह्या तपासण्यात गेली, त्यामुळे कुठेही गेलो तरी जमा किती आणि खर्च किती, हे बघण्याची खोड लागली आहे. यंदा जयंती झाल्यावर आम्ही एका जागी गेलो आणि तिथे आम्हाला आमच्याच घरचा हिशेब चुकलेला सापडला. तो आज आपल्यापुढे मांडतो.

झाले असे, की जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे उरले. तरुण मंडळींचे म्हणणे, पुढच्या वर्षीच्या वाजंत्रीसाठी ठेवा. महिला मंडळाच्या बायांनी मात्र ठणकावून सांगितले, “लेकरांना कुठंतरी न्या. दीक्षाभूमी त्यांनी पाहिली आहे, आता आणखी काही दाखवा. तमाशा नको, शिकायला मिळालं पाहिजे.” त्यावर कुणीतरी नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयाचे नाव काढले. आमच्या नागभीडच्या माणसाला छोट्या गाडीचे नाव काढले की राहवत नाही. ताबडतोब ठरले.

वस्तीत एक निवृत्त गँगमन आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या वडिलांबरोबर त्यांनी एकाच गँगमध्ये उमेदीची वर्षे काढली. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनाही चला म्हटले. ते आधी नको म्हणाले. “जन्मभर तेच तर पाह्यलं जी. आता तिकीट काढून कायले पाहू?” पण नातीने हट्ट धरला आणि म्हातारा धुतलेले धोतर, पांढरी टोपी घालून गाडीत येऊन बसला.

मोतीबाग म्हणजे काय?

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. नागपूरच्या उत्तर भागात कडबी चौकाजवळ मोतीबाग आहे. आपल्या इंदोरा, बेझनबागेपासून हाकेच्या अंतरावर. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून तिथे रेल्वेची कामशाळा आणि इंजिनांचे शेड. आमच्याकडच्या छोट्या गाडीचे माहेरच म्हणा ना! गाडी आजारी पडली की दुरुस्तीला तिथे जायची. त्याच परिसरात २००२ सालच्या डिसेंबरमध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. वाफेचे इंजिन, जुने डबे, दिवे, घड्याळे, सिग्नलची आणि टेलिफोनची यंत्रे अशा वस्तू तिथे जपल्या आहेत. मुलांना बसायला छोटी आगगाडीही आहे. मुलांनी प्रथम तिकडेच धाव घेतली, हे सांगायला नकोच.

छोटी गाडी का आली, हेही मुलांना कळले पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत आपला सारा मध्यप्रांत होरपळून निघाला. धान्य एका ठिकाणी आणि भुकेले दुसऱ्या ठिकाणी, अशी गत झाली. त्यानंतरच्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यापासून चांद्यापर्यंत अडीच फुटी रुळांचे जाळे विणले. मोठ्या रेल्वेचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फूट लांब असतात आणि हे अडीच फूट. जमीन कमी लागते, वळण आखूड घेता येते आणि खर्चही कमी. १९०८ च्या सुमारास नागपूर-नागभीड आणि गोंदिया-नागभीड हे मार्ग झाले. १९१३ च्या सुमारास गाडी पुढे चांदा फोर्टपर्यंत पोचली आणि आमचे नागभीड जंक्शन झाले. जंगलातले सागवान, बांबू, तेंदूपत्ता आणि झाडीपट्टीचा तांदूळ या गाडीने बाहेर जाऊ लागला.

म्हणजे धान्य आणण्याचे नाव झाले, पण जंगल बाहेर नेण्याचे कामही तितक्याच जोराने झाले, हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे नुसते ‘डेपो’ म्हटले की अजूनही आधी लाकडांचा डेपो डोळ्यांपुढे येतो आणि नंतर एस.टी.चा!

पण याच गाडीने आमच्या माणसांना बाहेरचे जगही दाखवले, हेही तितकेच खरे. उमरेड, भिवापूर, नागभीडच्या बाया मिरचीची, भाजीची पोती घेऊन हिच्यातून नागपूरला जात. विद्यार्थी पास काढून शिकायला जात. दवाखान्याचा पेशंट, बाळंतपणाला निघालेली लेक, कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी, सारे एकाच लाकडी बाकावर! गाडी इतकी हळू चालायची, की चढावर पोरे उतरून पुन्हा चढायची. आम्ही स्वतः हा उद्योग केला आहे आणि त्याबद्दल वडिलांच्या हातचा मारही खाल्ला आहे.

काका बोलू लागले

संग्रहालयात काका प्रथम गप्प होते. मुले इंजिनाच्या चाकांना हात लावीत होती, बाया डब्यातल्या बाकांवर बसून फोटो काढून घेत होत्या. काका मात्र हात मागे बांधून एकेक वस्तू न्याहाळत चालले होते. सिग्नलच्या जुन्या यंत्रांपाशी ते थांबले. एका मुलाने विचारले, “आजोबा, एकाच रुळावर समोरून दुसरी गाडी आली असती तर?”

झाले! म्हाताऱ्याची कळी खुलली. त्यांनी सांगितले ते असे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी दोन्ही स्टेशनांत एकमेकांना तारेने जोडलेली यंत्रे असतात. पुढचे स्टेशन ‘येऊ दे’ म्हणाले तरच या स्टेशनच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडतो. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हाती असल्याखेरीज ड्रायव्हर गाडी पुढे नेणार नाही आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघणार नाही. पुढच्या स्टेशनला तो यंत्रात परत टाकला की मार्ग मोकळा. “साहेब असो की कोणी असो, गोळ्याबिगर गाडी हालत नव्हती,” काका म्हणाले. मुले तोंडाकडे पाहत राहिली. इतका सोपा आणि इतका पक्का कायदा!

मग गँगचे काम. प्रत्येक गँगला रुळाचा ठराविक तुकडा वाटून दिलेला. त्यात एक चावीवाला. त्याने रोज हातोडा, पाना आणि लाल-हिरवी झेंडी घेऊन आपला सगळा तुकडा पायी तपासायचा. ढिली झालेली चावी ठोकायची, तडा दिसला तर लाल झेंडी लावायची. बाकीच्यांनी सबलीने रूळ उचलून खाली खडी दाबायची. उन्हाळ्यात लोखंड तापून फुगते, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचे. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त घालायची, कारण नाल्याला पूर आला तर पुलाजवळचा भराव वाहून जातो. हे सगळे घनदाट जंगलातून, एकट्याने, वाघाच्या राज्यात!

काका बोलत होते आणि बघता बघता दुसरीही माणसे भोवती गोळा झाली. कुणी नागपूरचे, कुणी बाहेरगावचे. एका गृहस्थांनी विचारले, “आपण इथे गाइड आहात का?” काका हसले. म्हणाले, “नाही जी. मी गँगमन.” आमचा ऊर भरून आला, खोटे कशाला सांगू?

जे वडिलांनी सांगितले नाही

दुपारी झाडाखाली डबे उघडले. भाकरी, झुणका, आंब्याचे लोणचे. तिथे काकांनी आमच्या वडिलांची गोष्ट काढली.

आमचे वडील १९६८ च्या सुमारास रोजंदारीवर रुळावर लागले. काका म्हणाले, “तुझ्या बापाले पाण्याचा लय त्रास झाला.” आम्ही विचारले, कसला त्रास? तेव्हा कळले, की सुरुवातीच्या त्या गँगमध्ये पाण्याचे दोन माठ असत. एक सर्वांचा आणि एक आपल्या दोघा-तिघांचा. दुसरा माठ पुष्कळदा रिकामाच. वडील भांडले नाहीत. ते दुसऱ्या माठाला शिवले नाहीत आणि पहिल्यालाही नाही. भर उन्हात अर्धा मैल चालून नाल्यावर जायचे आणि ओंजळीने पाणी प्यायचे. असे एक-दोन उन्हाळे गेले. पुढे मुकादम बदलला, नव्या पोरांनी आवाज केला आणि दुसरा माठ फुटला तो पुन्हा आणला गेला नाही. तो मुकादम कोण आणि गँग कोणती, हे आज सांगण्यात हशील नाही. ती माणसेही गेली.

वडील २००८ साली वारले. चाळीस वर्षे आमच्याजवळ होते, पण ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. आम्ही पाणी प्यायला मागितले की ते नेहमी तांब्या काठोकाठ भरून देत. लहानपणी आम्हाला वाटे, बाबांना अर्धा तांब्या भरणे येतच नाही.

काका पुढे म्हणाले, “त्याचं कार्ड तुझ्यापाशी असंल ना? ते जपून ठेव. त्या कार्डावरच तो पर्मनंट झाला.”

आम्ही मान खाली घातली.

ते कार्ड म्हणजे काय, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. रोजंदारीच्या मजुराला एक कार्ड मिळायचे. त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, याची नोंद आणि साहेबाची सही. दिवस भरले तर पुढचा दर्जा, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. देशभर लाखो मजूर असे वर्षानुवर्षे लोंबकळत होते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंदरपाल यादव यांच्या खटल्यात निकाल दिला आणि प्रकल्पावरच्या रोजंदार मजुरांना सेवाज्येष्ठतेने सामावून घेण्याची योजना मार्गी लागली. सगळीकडे दिवस मोजण्याचे, याद्या करण्याचे वारे सुटले. ज्याच्याजवळ पुरावा त्याचा नंबर लागे. ज्याचे कार्ड पावसात भिजले, वाळवीने खाल्ले, तो हात चोळीत बसे. आमच्या वडिलांना सहीपुरतेच अक्षर येत होते, पण त्यांनी प्रत्येक कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवले होते. त्या कागदांवर ते कायम झाले. त्या नोकरीवर आम्ही बी.कॉम. झालो.

आणि आम्ही काय केले? २०११ साली घर बांधायला काढले तेव्हा ती पेटी अडचण म्हणून उघडली. जुने कागद, पितळी बिल्ला, काच फुटलेला हातकंदील, गंजलेला पाना. पेन्शनचे कागद तेवढे काढून घेतले आणि बाकीचे भंगारवाल्याला किलोवर दिले. किती रुपये आले ते आठवत नाही. ज्याचा जन्म पावत्या जपण्यात गेला, त्या कारकुनाने बापाचीच पावती विकली. मोतीबागेत काचेआड ठेवलेला कंदील पाहताना आमच्या छातीत जी कळ उठली, तिचे कारण हे!

संग्रहालयाला दोष देण्यात अर्थ नाही. संग्रहालय वस्तू ठेवते, आणि वस्तू कुणीतरी आणून द्याव्या लागतात. इंजिन कुठल्या कारखान्यात घडले, हे त्याच्या अंगावर पाटी ठोकून लिहिलेले असते. माणसाच्या अंगावर पाटी नसते. त्याची हकीकत त्याच्या घरच्यांनीच जपली पाहिजे. ती आम्ही जपली नाही, मग तक्रार कुणाकडे करायची?

बाबासाहेब आणि रेल्वेचा कामगार

परमपूज्य बाबासाहेबांचा आणि रेल्वेचा संबंध आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे. १९०१ साली ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. नवे कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, पण जात कळताच पाच पावले मागे सरकला. गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. गाडी तिकीट पाहत होती आणि माणूस जात पाहत होता! रेल्वेने भिंती पाडल्या, असे जे सांगतात, त्यांनी मसूर स्टेशन आठवावे.

पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले. हे वाक्य आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाचा जो बारीक हिशेब मांडला, तो फार थोड्यांना माहीत आहे. त्याचा आशय असा, की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आड येतो. कामशाळेतही तो क्वचितच कारागीर होतो. फोरमन तर कधीच नाही. तो हमाल असतो आणि हमालच राहतो.

म्हणजे रेल्वेच्या कामशाळेत कुणाच्या हाती हत्यार आणि कुणाच्या डोक्यावर घमेले, हा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हा विचारला होता. ते नुसते विचारून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. १९४६ साली हे प्रमाण साडेबारा टक्के झाले. आज आपल्यातली मुलेमुली लोकोपायलट, स्टेशनमास्तर, इंजिनिअर झालेली दिसतात, त्याचे मूळ तिथे आहे. मोतीबागेत आम्ही मुलांना हे सांगितले. दहावीतल्या एका मुलीने विचारले, “काका, मुली पण इंजिन चालवतात?” आम्ही सांगितले, चालवतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत पाऊल टाकले आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून नाव मिळवले. मुलगी काही बोलली नाही, पण परत जाऊन इंजिनाजवळ बराच वेळ उभी राहिली.

गाडी गेली त्याचे रडू कशाला?

नागभीड-चांदा फोर्ट-गोंदिया हा मार्ग १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॉडगेज झाला. नागपूर-नागभीडची छोटी गाडी तेवढी उरली होती. तीही नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि तो मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले. शेवटच्या गाडीच्या वेळी लोकांनी गर्दी केली, फोटो काढले, काहींच्या डोळ्यांत पाणी आले. ही गाडी वारसा म्हणून जपायला हवी होती, असे म्हणणारी पुष्कळ चांगली माणसे आहेत. माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून आहे, तशी ही का नको, असा त्यांचा सवाल.

आम्ही काकांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, “गाडी गेली त्याचं वाईट नाही बाबू. मोठी गाडी पाहिजेच. पेशंटले नागपूरले नेता नेता पाच-पाच तास लागत होते, तवा कोणी फोटो काढाले येत नव्हता.” आम्हाला हे पटते. ज्याला मोटारीचा पर्याय आहे, त्याला धीमी गाडी गोड लागते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे त्या अवाढव्य जिल्ह्यात वडसा हे एकच रेल्वे स्टेशन होते. वडसा ते गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या मार्गाची लोकांनी किती वाट पाहिली! सिरोंचा, भामरागडच्या माणसाला वारसा नको आहे, त्याला गाडी हवी आहे.

तेव्हा गाडी बदलावी, रूळ बदलावेत. पण आठवण भंगारात जाऊ नये. या दोन गोष्टींची गल्लत करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

इंग्लंडात २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर वाफेची गाडी धावली, त्याला २०२५ साली दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने डर्बी गावातल्या लिचर्च लेनच्या रेल्वे कारखान्याचे दरवाजे १ ते ३ ऑगस्ट २०२५ असे तीन दिवस जनतेसाठी उघडले होते. १८७० च्या दशकात सुरू झालेला आणि आजही गाड्या बनवणारा हा कारखाना. जुनी-नवी इंजिने एका रांगेत उभी केली आणि हजारो लोक बायकामुलांसह पाहून गेले. आपल्याकडेही परळ, माटुंगा, कुर्डुवाडी, मोतीबाग अशा जुन्या कामशाळा आहेत. एरवी जिथे पासाशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिथे कामगाराच्या लेकरांना वर्षातून एक दिवस तरी जाता आले, तर किती बरे होईल! आपला बाप आठ तास कुठे असतो आणि काय करतो, हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिले, की त्याच्या मळलेल्या कपड्यांची त्याला लाज वाटणार नाही.

आणि आजच्या कामगाराकडेही पाहा. गँगमनला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव इंग्रजी झाले, पण ऊन तेच आणि जंगलही तेच. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात याच गोंदिया-बल्लारशा मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. देशभर बातमी झाली, हळहळ व्यक्त झाली. ती योग्यच होती. पण ज्या रुळावर वाघ येतो, त्याच रुळावर पहाटे एकटा माणूस हातोडा घेऊन चालत असतो, हे किती जणांच्या मनात आले?

आपण काय करायचे?

हे सारे लिहून नुसता सुस्कारा टाकायचा नाही. परतीच्या वाटेवर, भिवापूरला चहाला थांबलो तेव्हा महिला मंडळाने ठराव केला, तो असा. आपल्या विहारात एक लोखंडी कपाट घ्यायचे आणि वस्तीतल्या प्रत्येक घराने आपल्या वाडवडिलांच्या कामाची एक तरी वस्तू किंवा कागद तिथे ठेवायचा. रेल्वेच असली पाहिजे असे नाही. कोळसा खाणीचा दिवा, पेपर मिलचे ओळखपत्र, तेंदूपत्त्याचे कार्ड, विडीची सुपली, दाईची कात्री, काहीही चालेल. वर्षातून एक दिवस, १६ ऑक्टोबरला, हे कपाट सर्वांसाठी उघडायचे. १९५६ साली त्याच तारखेला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली होती. त्या दिवशी ज्याची वस्तू त्याने तिच्याशेजारी उभे राहून तिची हकीकत सांगायची.

घरातल्या भगिनींसाठी चार गोष्टी मुद्दाम लिहितो, कारण पेटीची किल्ली बहुधा त्यांच्याच कमरेला असते.

पहिली, जुना कागद दुमडून ठेवू नका. सरळ करून, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा. सेलोटेप अजिबात लावू नका. वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद खाते.

दुसरी, झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. मूळ कागद कुणालाही, अगदी साहेबालाही, देऊन टाकू नका.

तिसरी, फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. आज सर्वांना ठाऊक आहे म्हणून लिहीत नाही आणि उद्या सांगणारे कुणी उरत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. “तुम्ही काय काम करत होता?” असे नुसते विचारू नका. “सकाळी किती वाजता निघत होता? डब्यात काय नेत होता? पाणी कुठे पीत होता?” असे विचारा. आम्ही हा शेवटचा प्रश्न चाळीस वर्षांत एकदाही विचारला नाही.

कपाट आले आहे. पहिली वस्तू काकांची. त्यांचा पितळी बिल्ला त्यांच्या नातीने चिंच लावून लखलखीत घासून आणला आणि शेजारी वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले, कोण, कोणत्या गँगमध्ये, किती वर्षे.

आमच्याकडे ठेवायला वस्तू नाही. ती कशी गेली, ते वर लिहिलेच आहे. म्हणून आम्ही वडिलांची हकीकत काकांच्या तोंडून ऐकली तशी दोन फुलस्केप कागदांवर उतरवली, खाली तारीख घातली, सही केली आणि बिल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली. दोन माठांची गोष्टही त्यात आहे. जमाखर्चाची वही लिहिणाऱ्याला ठाऊक असते, की राहिलेली नोंद उशिरा का होईना करावीच लागते.

आपल्याही घरी एखादी पेटी असेल. भंगारवाल्याची हाळी येण्याआधी ती उघडा.

जयभीम!